कढीपत्त्यावरचा बहुरूपी : एका फुलपाखराचं दीडशे वर्षं चाललेलं प्रकरण

गॅलरीतल्या कढीपत्त्याला पानं टिकत नाहीत, ही तक्रार शहरात बऱ्याच घरांतून ऐकू येते. पानं खाणारी अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते आणि मग पानात मिसळून जाते. बोट लावलं तर डोक्यामागून दुबेळकं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. आम्ही एका पावसाळ्यात अशा काही अळ्या बरणीत ठेवून वाढवल्या. कोष झाले, फुलपाखरं बाहेर आली. आधीचे दोन नर होते : काळे, मागच्या पंखांवरून पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ गेलेली. त्यानंतर एक मादी आली, ती जवळजवळ तशीच. आणि शेवटी एक आली ती बघून मुलगी म्हणाली, ‘ही वेगळीच अळी होती का?’ मागच्या पंखाच्या मधोमध पांढरा मोठा डाग, कडेला लाल चंद्रकोरी. नराशी तिचं काही नातं असेल असं वाटतच नव्हतं.

अळी वेगळी नव्हती. दोन्ही माद्या एकाच जातीच्या. फुलपाखरं बघणारे तिला कॉमन मॉरमॉन म्हणतात, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटिस. अमेरिकेतल्या मॉरमॉन या ख्रिस्ती पंथात पूर्वी एका पुरुषाला अनेक बायका असत, त्यावरून इंग्रजांनी हे नाव ठेवलं, कारण या नराच्या ‘बायका’ वेगवेगळ्या रूपाच्या असतात. विनोद जरा हलकाच, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

ही दोन रूपं एकाच जातीत का, ती फक्त मादीतच का, आणि आईबापांकडून मुलीला मिळतात तरी कशी, या तीन प्रश्नांवर जीवशास्त्रातली मोठमोठी माणसं भांडली. त्या भांडणाचा निकाल बऱ्याच अंशी 2014 साली लागला आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव कृष्णमेघ कुंटे या पुण्याच्या संशोधकाचं होतं. खाली त्या प्रकरणाची हकिगत आहे. विषय उष्ण कटिबंधातल्या फुलपाखरांच्या उत्क्रांतीचा असला तरी सगळ्या पात्रांची कढीपत्त्याशी किंवा लिंबाच्या झाडाशी कधी ना कधी गाठ पडलेली आहे.

सोंग कुणाचं?

भारतात कॉमन मॉरमॉनची मादी तीन रूपांत सापडते. पहिलं रूप ‘सायरस’, नरासारखंच. दुसरं ‘स्टिकियस’, म्हणजे आमच्या बरणीतली ती पाहुणी. ती कॉमन रोझ नावाच्या फुलपाखराची नक्कल आहे. तिसरं ‘रोम्युलस’. त्याच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर लाल ठिपके असतात, आणि ती क्रिमझन रोझची नक्कल आहे. नक्कल तितकीशी जमलेली नाही, रंग जरा फिकाच.

दोन्ही रोझ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या म्हणजे सापसंदाच्या कुळातल्या वेलींवर वाढतात. त्या वेलीतलं विष अळीच्या अंगात साठतं आणि पुढे फुलपाखरातही उरतं. पक्ष्याने एकदा तोंडात धरलं की पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. मॉरमॉनची अळी मात्र कढीपत्ता, लिंबू, संत्रं यांवर वाढते. तिच्यात असलं विष नाही. पक्ष्याच्या दृष्टीने ती चविष्टच. म्हणून रोझचा वेष.

दोघींना ओळखायची युक्ती निसर्ग मंडळींच्या सहलीत पहिल्याच दिवशी शिकवतात : पंख बघू नका, अंग बघा. रोझचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं. सोंग घेतलं, पण अंग रंगवायचं राहून गेलं.

आपल्याकडे दारोदार फिरणारे बहुरूपी असत. पोलिसाच्या वेषात यायचे, दरडावायचे, समन्स बजावायचे, मग हसून हात पुढे करायचे. या धंद्याचा एक नियम आहे. गावात वर्षातून एखादा बहुरूपी आला तर घरातली माणसं क्षणभर तरी दचकतात. रोज दहा आले तर खरा पोलीस दारात उभा राहिला तरी कुणी उठणार नाही. पुढे येणारं सगळं भांडण या एका नियमाभोवती फिरतं, म्हणून तो इथेच सांगून ठेवला.

वॉलेसने पहिली गाठ सोडवली

सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 साली या जातीला नाव दिलं तेव्हा नर आणि मादी वेगळ्या जाती समजून त्यांची नावं वेगवेगळी ठेवली. पुढच्या अभ्यासकांनी उरलेल्या रूपांनाही स्वतंत्र नावं दिली. त्यांना दोष देता येत नाही. युरोपातल्या संग्रहालयात टाचणी लावून आलेल्या फुलपाखराची आई कोण आणि बाप कोण, हे कसं कळणार?

ते कळलं आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाला, डार्विनच्या जोडीने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणारा तो हाच. 1854 ते 1862 अशी आठ वर्षं तो मलाया, बोर्निओ, सुलावेसी, न्यू गिनीच्या बेटांवर हिंडला आणि हजारो फुलपाखरं गोळा केली. हेन्री बेट्सने 1862 साली ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून नकलेचा सिद्धान्त मांडला होता. वॉलेसने 1865 साली त्यात भर घातली, ती अशी : काही जातींत नक्कल फक्त मादी करते, आणि तीही एकाच रूपाची नव्हे. ज्या फुलपाखरांना लोक वेगळ्या जाती समजत होते त्या एकाच जातीच्या माद्या आहेत, हे त्याने मांडलं. समजावण्यासाठी त्याने एक दाखला दिला. दूरच्या बेटावर राहणाऱ्या एका इंग्रज माणसाला दोन वेगळ्या वंशांच्या बायका आहेत, त्यांचे सगळे मुलगे हुबेहूब बापासारखे आणि मुली मात्र आयांसारख्या, अशी कल्पना करा, असं त्याने लिहिलं. आज वाचताना तो दाखला खटकतो. पण मुद्दा चोख आहे : मिसळ होत नाही, मधलं रूप निघत नाही, आणि मुलगे त्या भानगडीत नसतात.

मादीच का, यावर वॉलेस आणि डार्विन यांचं जुळलं नाही. नर-मादीतला फरक मादीच्या आवडीमुळे पडतो, नर बदलत जातो, यावर डार्विनचा भर. वॉलेस म्हणायचा, अनेकदा मादीच बदलते, कारण तिला जीव वाचवायचा असतो. अंड्यांचं ओझं घेऊन ती जड उडते, एकेका पानाशी थांबते, पक्ष्याला सोपी सापडते. कुंटे यांनी 2008 साली पॅपिलिओ गटाचा वंशवृक्ष तपासून दाखवलं की या गटात नर-मादीतला फरक मुख्यतः मादी मूळ रूपापासून दूर गेल्यामुळे आलेला आहे. म्हणजे निदान या फुलपाखरांपुरता निकाल वॉलेसच्या बाजूने. या वादावर लिहिताना वॉलेसला नेहमी डार्विनच्या सावलीत उभं करतात. इथे तरी तसं करायला नको.

सिलोनमधले दोन इंग्रज

बारावीच्या जीवशास्त्रात पनेटची चौकट काढायला लावतात, तो रेजिनाल्ड पनेट 1909 साली सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत गेला. मेंडेलचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते आणि पनेट त्यांचा कट्टर पाईक. मॉरमॉनच्या तीन माद्या बघून त्याला वाटलं, हे तर मेंडेलच्या वाटाण्यासारखं आहे : उंच किंवा बुटका, मधलं काही नाही.

पाठोपाठ जे. सी. एफ. फ्रायर सिलोनमध्ये अळ्या वाढवायला बसला. कुठल्या आईची, कुठल्या बापाची पिल्लं कशी निघाली याच्या वंशावळी त्याने एकामागून एक मांडल्या आणि काम प्रसिद्ध केलं. निष्कर्ष असा की मादीचं रूप मेंडेलच्या घटकांनी ठरतं. नकली रूप प्रभावी, साधं रूप अप्रभावी. बापाकडेही तो घटक असतो, तो मुलींना देतो, पण त्याच्या स्वतःच्या पंखांवर मात्र काहीच उमटत नाही. नकली रूपाचा घटक एकाच मात्रेत असलेल्या मादीचं साध्या वंशाच्या नराशी मीलन झालं, तर सरासरी अर्ध्या मुली रोझसारख्या आणि अर्ध्या नरासारख्या निघतात. आमच्या बरणीतलं दृश्य बहुधा असंच काहीतरी असणार. अर्थात झाडावर अंडी एकीनेच घातली की दोघींनी, ते आम्ही पाहिलेलं नव्हतं.

पनेटने यावरून मोठी उडी मारली. एकाच घटकाने सगळा पंख बदलत असेल तर नक्कल हळूहळू, पायरीपायरीने घडली असं म्हणायचं कारण काय? ती एका झटक्यात आली असणार, आणि नैसर्गिक निवडीने, म्हणजे उपयोगी बदल असलेले जास्त जगतात या चाळणीने, तिला घडवलं नाही. त्याच्याकडे आणखी दोन मुद्दे होते. एक, सिलोनमध्ये मूळ फुलपाखराचं प्रमाण आणि नकलेचं प्रमाण जागोजागी जुळत नाही. दोन, नकली माद्यांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच राहिलेलं दिसतं. नक्कल फायद्याची असती तर साध्या माद्या केव्हाच संपायला हव्या होत्या, असं त्याचं म्हणणं. 1915 साली त्याने या विषयावर पुस्तकच काढलं.

इथे एक आडवाट घेतो. पनेट नुसता फुलपाखरंवाला नव्हता. प्रभावी घटक लोकसंख्येत आपोआप वाढत जाणार नाही का, हा प्रश्न त्याने केंब्रिजमधल्या आपल्या क्रिकेटमित्राला विचारला होता. मित्राने चार ओळींचं गणित करून नाही म्हणून सांगितलं आणि 1908 साली छापलंही. तो मित्र जी. एच. हार्डी, रामानुजनला केंब्रिजला बोलावणारा. पनेटच्या त्या 1915च्या पुस्तकाला नॉर्टन नावाच्या गणितज्ञाने एक तक्ता जोडला : अमुक इतका फायदा असलेला घटक किती पिढ्यांत पसरेल. त्या तक्त्याच्या वाटेने पुढे गेलेल्यांत जे. बी. एस. हाल्डेन होता, जो शेवटी भारतात येऊन राहिला आणि भुवनेश्वरला वारला. लिंबाच्या झाडावरच्या अळीपासून लोकसंख्येच्या जनुकशास्त्रापर्यंतचा रस्ता असा आहे. तो पाठ्यपुस्तकात सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

फिशरचं उत्तर

रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने 1927 साली पनेटला उत्तर दिलं आणि त्याचाच मुद्दा त्याच्यावर उलटवला. प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच राहतं, हा निवड नसल्याचा पुरावा मानायचं कारण नाही. उलट, ते तोलून धरणारी निवड तिथे आहे असंच त्यातून दिसतं. बहुरूपी कमी असतील तर सोंग चालतं, त्यांची संख्या वाढते. वाढली की पक्ष्यांना नकली फुलपाखरं वारंवार चविष्ट लागतात, त्यांची भीती उडते, आणि सोंगाचा फायदा संपतो. मग साधी मादीही तेवढीच सुरक्षित. काटा मध्ये कुठेतरी स्थिरावतो.

‘एका झटक्यात’ या दाव्यालाही फिशरने हात घातला. आज एक घटक सगळं बदलताना दिसतो म्हणून पहिल्या दिवशीही तो तसंच करत होता असं नाही. आधी ओबडधोबड नक्कल आली असेल. मग तिला सुबक करणारे छोटे छोटे बदल मागाहून जमत गेले असतील.

म्हणजे प्रश्न असा उभा राहिला : एक उडी की अनेक पावलं? आणि अनेक पावलं असतील तर ती सगळी मिळून एकाच घटकासारखी वारशात कशी जातात? पत्ते पिसले की सुटे होतात. दर पिढीत जनुकंही पिसली जातात. पांढऱ्या डागाचं जनुक एकीकडे आणि लाल कोरीचं दुसरीकडे गेलं, तर निघणारी मादी धड रोझसारखी नाही, धड नरासारखीही नाही. तिला पक्षी आधी खाईल. पण अशा अर्धवट माद्या दिसत नाहीत.

लिव्हरपूलचे डॉक्टर

यावर तोडगा सुचवला सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी. क्लार्क पेशाने डॉक्टर, लिव्हरपूलमध्ये. फुलपाखरं हा छंद. बंदिस्त जागेत पॅपिलिओ जातीच्या फुलपाखरांची मीलनं सहजी होत नाहीत, म्हणून त्यांनी नर-मादी हातात धरून त्यांचं मीलन घडवण्याची पद्धत वापरली. त्यामुळे कुणाशी कुणाचा संकर करायचा हे संशोधकाच्या हातात आलं. 1972 साली त्यांनी कॉमन मॉरमॉनवर सविस्तर निबंध लिहिला. माद्यांची रूपं एकाच जागेवरच्या वेगवेगळ्या पर्यायांनी ठरतात, असं त्यांनी मांडलं. ती ‘जागा’ म्हणजे मुळात एकमेकांना घट्ट चिकटून बसलेल्या जनुकांचा गठ्ठा असावा, ही तेव्हाची सर्वमान्य कल्पना होती. चिकटलेली असल्यामुळे ती पिसली जात नाहीत. अशा गठ्ठ्याला सुपरजीन म्हणतात.

क्लार्क यांच्या छंदाची एक उपज आपल्या घराघरांत पोचलेली आहे. रक्तगटातल्या आरएच घटकाचा वारसाही असाच चिकटलेल्या जनुकांचा आहे, असं फिशरचं म्हणणं होतं. फुलपाखरांच्या सुपरजीनवरून क्लार्क त्या प्रश्नाकडे वळले. आरएच निगेटिव्ह आईच्या पॉझिटिव्ह बाळाला होणारा जीवघेणा आजार टाळणारं अँटी-डी इंजेक्शन लिव्हरपूलमधल्या त्यांच्या गटाच्या कामातून आलं, तिकडे न्यूयॉर्कमध्येही दुसरा गट त्याच दिशेने काम करत होता. आज बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर ‘अँटी-डी द्यावं लागेल’ म्हणतात तेव्हा त्यामागे कुणाच्या तरी काचघरात उडणारी फुलपाखरं आहेत, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

जपानच्या बेटावरचा आपसूक प्रयोग

जनुकाकडे जाण्याआधी नकाशा बघायला हवा, कारण पनेटचा एक मुद्दा नकाशाचाच होता. कॉमन मॉरमॉन भारतापासून श्रीलंका, म्यानमार, दक्षिण चीन, तैवान, फिलिपाइन्स, इंडोनेशियापर्यंत पसरलेलं आहे. सगळीकडे सगळी रूपं मिळत नाहीत. रोम्युलस मुख्यतः तिथे, जिथे क्रिमझन रोझ उडतं, म्हणजे भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका. सिमल्याकडे कॉमन रोझ फारसं नाही, तिथे नरासारखी सायरस मादी जास्त दिसते. ढोबळमानाने नक्कल मूळ फुलपाखराच्या मागोमाग जाते.

ढोबळमानाने म्हटलं, कारण हा नुसता योगायोग असू शकतो. हवा, झाडं, उंची यांमुळेही असं होऊ शकेल. मूळ फुलपाखरू नसलेल्या ठिकाणी ते नव्याने आलं तर काय होतं, हे बघायला मिळालं तरच खात्री. असा प्रसंग जपानच्या दक्षिणेकडच्या मियाको बेटावर घडला. मॉरमॉन तिथे आधीपासून होतं, कॉमन रोझ नव्हतं. 1960च्या दशकाच्या अखेरीस रोझ त्या बेटावर पोचलं आणि पुढच्या काही वर्षांत स्थिरावलं. त्यानंतर बेटावरच्या मॉरमॉनमध्ये नकली माद्यांचं प्रमाण वाढत गेल्याची नोंद जपानी अभ्यासकांनी केली. गावात खरा पोलीस आला आणि सोंगाला भाव आला. हा प्रयोग कुणी ठरवून केला नव्हता, म्हणून मला तो जास्त पटतो.

नकलेची किंमतही मोजावी लागते असं दिसतं. जपानमध्येच केलेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नकली रूपाचं जनुक असलेल्या पिल्लांची प्रौढ होईपर्यंत जगण्याची शक्यता कमी आढळली. म्हणजे साधी मादी टिकून राहण्यामागे पक्ष्यांची हुशारी हे एकच कारण नसावं.

गठ्ठा उघडला, आत एकच

कुंटे यांचं नाव मराठी वाचकांना जंगलावरच्या लेखनामुळे परिचयाचं आहे. पुढे ते अमेरिकेत शिकले, आता बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, संशोधन करतात. मार्कस क्रोनफोर्स्ट आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी प्रश्न थेट विचारला : हा सुपरजीन म्हणजे प्रत्यक्षात काय आहे?

पद्धत मुळात फ्रायरचीच, हत्यारं नवी. नकली आणि साध्या वंशाचे संकर केले. पिल्लांमध्ये नकली रूप आणि गुणसूत्राचा कोणता भाग कायम जोडीने येतात ते शोधलं. पहिल्या टप्प्यात तो भाग मोजक्या पाच जनुकांपर्यंत आकसला. मग एकमेकांशी थेट नातं नसलेल्या नकली आणि साध्या फुलपाखरांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, शेजारी शेजारी ठेवून फरक कुठे आहे ते बघितलं. सगळे फरक एकाच जनुकावर गर्दी करून बसलेले निघाले. ते जनुक डबलसेक्स.

आता या नावाची गंमत बघा. डबलसेक्स हे कुणी नवखं जनुक नव्हे. माशीपासून फुलपाखरापर्यंत अनेक कीटकांत नर नर कसा होतो आणि मादी मादी कशी होते, यात त्याचा हात असतो. एकाच जनुकाचा मजकूर नरात एका तऱ्हेने जोडून वाचला जातो, मादीत दुसऱ्या तऱ्हेने. मॉरमॉनमध्ये मादीत तो तीन तऱ्हांनी वाचला जातो. ‘फक्त मादीच सोंग का घेते’ या वॉलेसच्या प्रश्नाचं यंत्र त्यामुळे हाताशी आलं. जे जनुक आधीपासूनच नर-मादीत वेगळं वागतं त्यालाच पंख रंगवण्याचं जादा काम मिळालं, तर ते काम मादीपुरतं मर्यादित ठेवायला वेगळी सोय करावी लागत नाही. नकली मादीच्या पंखात, कोषाच्या अवस्थेत, हे जनुक साध्या मादीपेक्षा कितीतरी जास्त चालू असतं.

मार्च 2014 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात निबंध आला. पुढच्याच वर्षी टोकियो विद्यापीठात हारुहिको फुजिवारा यांच्या गटाने पूर्ण जीनोम मांडून तो भाग नीट उलगडला. नकली रूपात गुणसूत्राचा, डीएनएच्या सुमारे 1,30,000 अक्षरांचा, एक तुकडा उलटा बसलेला आहे. उलट्या तुकड्याचं सुलट्याशी जुळत नाही, म्हणून त्या भागात पत्ते पिसले जात नाहीत. त्यांनी आणखी एक प्रयोग केला. कोषातल्या पंखाच्या काही भागात नकली रूपाचं डबलसेक्स दाबून टाकलं. तेवढ्याच भागात पंख साध्या मादीसारखा रंगला.

बातम्यांमध्ये तेव्हा ‘सुपरजीन म्हणजे जनुकांचा गठ्ठा नव्हे, एकच जनुक’ असा मथळा बरा वाटला. पनेट जिंकला, फिशर हरला, असंच कुणालाही वाटेल. मूळ निबंध मात्र इतका उतावीळ नव्हता. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की एक जनुक सगळं रूप पालटू शकतं, पण त्यासाठी त्या जनुकात एकमेकांना चिकटलेले अनेक बदल लागत असावेत. एक बटण, पण ते बनवायला बरीच ठोकपीट झालेली.

2023 साली टोकियोच्या गटाने त्या उलट्या तुकड्यातली आणि त्याला लागून असलेली बाकीची जनुकं एकेक करून दाबून बघितली. डबलसेक्स मुख्य बटण, हे कायम राहिलं. पण पांढरट डाग नीट उमटवण्यात तुकड्यातल्या दुसऱ्या एका जनुकाचा हात निघाला, आणि लाल ठिपके उठावदार करण्यात तर तुकड्याच्या बाहेर शेजारी बसलेल्या जनुकाचा. ही सुबक करणारी जनुकं. 1927 साली फिशरने कागदावर मांडलेली. उडी पनेटची, पावलं फिशरची, आणि दोघंही ते ऐकायला हयात नाहीत.

भावंडांकडे बघितलं तर

हे कोडं एका जातीपुरतं आहे का? महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, याच गणातलं आहे. त्याच्यात मादी नकलेच्या भानगडीत पडत नाही. त्याचं जवळचं भावंड ग्रेट मॉरमॉन मात्र अनेकरूपी मादीसाठी प्रसिद्ध आहे. 2018 साली तिथेही डबलसेक्सच सापडलं, पण उलटा तुकडा नाही. म्हणजे गाठ मारायची पद्धत वेगळी. आफ्रिकेतल्या पॅपिलिओ डार्डॅनसमध्ये सोंगांची नुसती जत्रा आहे, आणि तिथलं बटण डबलसेक्स नाहीच, दुसरीच जनुकं आहेत.

कॉमन मॉरमॉन आणि त्याच्या आग्नेय आशियातल्या जवळच्या नातलगांचे जीनोम 2017 साली एकत्र तपासले गेले. नकली डबलसेक्स बरंच जुनं निघालं, या जाती एकमेकींपासून फुटण्याआधीचं. काही जातींत दोन्ही रूपं टिकली. काहींत एक रूप गळून पडलं आणि सगळ्याच माद्या सारख्या झाल्या, त्यात निवडीइतकाच नशिबाचाही वाटा दिसतो. नकली जनुकात जे फरक साचलेले आहेत त्यांतले बरेचसे कामाचेही नाहीत. ते पहिल्या झटक्याबरोबर फरफटत आलेले, लग्नाच्या वऱ्हाडात घुसलेल्या अनोळखी माणसांसारखे. नकलेचा प्रत्येक ठिपका निवडीने घासूनपुसून केला आहे अशा भक्तिभावाने लिहिणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

पनेटने उपस्थित केलेली एक गोष्ट मात्र मला अजून छळते. रोम्युलस क्रिमझन रोझची चांगली नक्कल नाही, आणि तरीही ती भारतात आरामात टिकून आहे. फिकट रंगाला पक्षी फसतात, की क्रिमझन रोझची धास्तीच एवढी आहे की दुरून साधारण लालपांढरं दिसलं तरी पुरे? सुबक करणारी जनुकं या रूपात अजून जमली नाहीत, की त्यांची गरजच पडत नाही? हे मोजायचं तर पंखांवरच्या चोचींच्या खुणा, रानातल्या फुलपाखरांची गणती आणि जीनोम, तिन्ही एकाच ठिकाणचं लागेल. ज्या गावात क्रिमझन रोझ, कॉमन रोझ आणि तिन्ही मॉरमॉन माद्या एका घाणेरीच्या झुडपावर बसलेल्या मिळतात, अशी गावं आपल्याकडे आहेत.

बरणीतल्या त्या दोन्ही माद्या आम्ही सकाळी सोडल्या. रोझच्या वेषातली कठड्यावर बराच वेळ पंख वाळवत बसली, एक बुलबुल समोरच्या तारेवर होता, त्याने बघितलं आणि दुसरीकडे उडाला. त्यावरून काही सिद्ध होत नाही. त्याचं पोट भरलेलं असेल. नर आदल्या दिवशीच गेले होते. त्यांच्यापैकी कुणाकडे तो उलटा तुकडा होता हे त्यांच्या पंखांवरून कळायला मार्ग नव्हता. कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटली आणि पुढच्या खेपेच्या अळ्या दिसल्या, तेव्हा मुलीने बरणी धुऊन ठेवली.